व्होल्ट, अँपिअर आणि आपली मोटार



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांविषयी बोलत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण उसाच्या बाहेरचा नाही. उन्हाळ्यात उसाची पाळी चुकते ती काही वेळा विहिरीत पाणी नाही म्हणून, पण पुष्कळ वेळा मोटार जळाली म्हणून. मोटार रिवाइंडिंगला गेली, दुकानदाराकडे आधीच रांग, तोपर्यंत पाळी हुकते आणि कांडी आखूड राहते. अशा वेळी ऐकू येते ते एकच वाक्य, "व्होल्टेजच नव्हतं, मोटार बसली." व्होल्टेज किती नव्हते, ते कुठे गेले आणि मोटारीने त्या वेळी किती अँपिअर घेतले, हे मात्र कोणी सांगत नाही. ते कसे काढायचे एवढेच या लेखात पाहू. मी शेतकी पदविकेचा माणूस, वीजखात्याचा नव्हे. पण हा हिशेब गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही.

विषय निघाला तो अभ्यास सहलीत. आपली मंडळी डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागा आणि कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र पाहायला गेली होती. पालघरहून बोईसरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंचच उंच मनोरे आणि त्यांवरून गेलेल्या जाड तारा दिसू लागल्या. तारापूरचे अणुवीज केंद्र इथून जवळच, समुद्रकाठी. आत जाण्याचा प्रश्न नव्हता. चहाला गाडी थांबली तेव्हा आपल्यातल्या एका आबांनी विचारले, "सायेब, येवढी वीज हितं तयार हुतीया, मग आमच्या हिरीवर व्होल्टेज का न्हाई?" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आबांना उत्तर द्यायचे तर आधी तीन शब्द पक्के केले पाहिजेत.

पाण्याची टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. हा जोर म्हणजे विजेतला दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. पाईपमधून दर सेकंदाला किती पाणी गेले ते विजेतला प्रवाह, तो अँपिअरमध्ये. आणि पाईप अरुंद, लांब, आतून गंजलेला असला की तो पाण्याला अडवतो. ही अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. दोन इंची पाईपने हजार फूट पाणी नेले तर शेवटी धार कशी पडते ते कोणाला सांगायला नको. बारीक आणि लांब तारेत तेच होते.

या तिघांचे नाते जॉर्ज सायमन ओहम नावाच्या जर्मन गणितशिक्षकाने १८२७ साली छापून मांडले, म्हणून रोधाच्या मापाला त्याचे नाव. नाते असे:

रोध = दाब ÷ प्रवाह, म्हणजे ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर.

हेच उलटे केले की व्होल्ट = अँपिअर × ओहम. आणि वीज किती काम करते, म्हणजे किती वॉट, ते काढायचे तर:

वॉट = व्होल्ट × अँपिअर.

हजार वॉट एक तास चालले की एक युनिट. ७४६ वॉट म्हणजे एक अश्वशक्ती, आपण ज्याला एच.पी. म्हणतो ती.

घरातले उदाहरण घेऊ. पाणी तापवायचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. रोध झाला २३० ÷ ८.७, म्हणजे साडेसव्वीस ओहमच्या जवळपास. वॉट झाले २३० × ८.७, म्हणजे २,०००. आता संध्याकाळी व्होल्टेज १८० झाले. हीटरची तार तीच, रोध तोच. प्रवाह १८० ÷ २६.५ = ६.८ अँपिअर, आणि वॉट १८० × ६.८ = सुमारे १,२२०. व्होल्टेज पाचवा भाग उतरले, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाली. म्हणून संध्याकाळी पाणी तापायला इतका वेळ लागतो. हीटरचे यात नुकसान काही नाही, तो नुसता मंद होतो. हे लक्षात ठेवा, कारण मोटार याच्या नेमके उलट वागते. तिच्याकडे पुढे येऊ.

आणखी एक सूत्र हवे, आणि या लेखातले तेच सर्वात कामाचे. तारेतून प्रवाह जाताना तार तापते, ती वीज फुकट जाते. किती? अँपिअर × अँपिअर × ओहम. अँपिअर दोनदा आहे, हे नीट पाहावे. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली नासाडी दुप्पट नव्हे, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट.

आता तारापूरला जाऊ. तिथली पहिली दोन युनिटे १९६९ साली सुरू झाली, देशातले पहिले अणुवीज केंद्र ते हेच. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा झाला २०१४ साली. प्रत्येक युनिट मूळ २१० मेगावॉटचे होते, पुढे क्षमता १६० वर आणली. नंतर २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॉटची आणखी दोन आली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आपण बटण दाबतो त्यामागे कोणाचे तरी घर गेलेले असते, याचा विसर पडू नये. वीज करण्याची रीत आपल्या साखर कारखान्यासारखीच आहे. आपल्याकडे बगॅस जाळून वाफ होते, तिथे युरेनियमच्या उष्णतेवर. पुढे टर्बाईन आणि जनरेटर तेच.

समजा १६० मेगावॉट वीज, म्हणजे १६ कोटी वॉट, बाहेर न्यायची आहे. वीज तीन फेजची असते, म्हणून वॉटच्या सूत्रात १.७३२ हा आकडा येतो. ते तीनचे वर्गमूळ:

वॉट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर.

आपल्या मोटारीच्या ४१५ व्होल्टवर ती न्यायची म्हटली तर १६ कोटी भागिले (१.७३२ × ४१५), म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास अँपिअर. एवढा प्रवाह नेणारी तार कोणी ओढू शकणार नाही, आणि ओढली तरी ती वाटेतच वितळेल. म्हणून ही वीज २ लाख २० हजार व्होल्टवर चढवून बाहेर काढतात. मग प्रवाह उरतो फक्त ४२० अँपिअर. नव्या युनिटांसाठी ४ लाख व्होल्टच्या लाईनी आहेत, तिथे ५४० मेगावॉटला ७८० अँपिअर पुरतात. बोईसरकडे मनोरे एवढे उंच आणि तारा एकमेकींपासून एवढ्या लांब दिसतात त्या याच कारणाने. व्होल्ट वाढवले, अँपिअर घटवले, आणि अँपिअर घटले की तारेतली नासाडी वर्गाने घटली.

म्हणजे आबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की तारापूरहून निघालेली वीज वाटेत मोठीशी हरवत नाही. ती हरवते शेवटच्या मैलात, आपल्या शिवारात.

कशी ते पाहा. गावाबाहेरच्या डी.पी.वर ११ हजार व्होल्ट येतात आणि ४३३ व्होल्ट होऊन बाहेर पडतात. तिथून खांबावरून अॅल्युमिनियमची तार शेतात जाते. या तारेचा रोध किलोमीटरला एक ओहम धरू, बारीक तारेला तो साधारण तेवढाच असतो. लाईनच्या टोकाला सात पंप आहेत, प्रत्येक पाच एच.पी.चा, प्रत्येक ८ अँपिअर घेतो. एकूण ५६ अँपिअर. एक किलोमीटर तारेत प्रत्येक फेजला घट ५६ × १ = ५६ व्होल्ट. दोन फेजमध्ये मोजली तर ५६ × १.७३२ = ९७ व्होल्ट. डी.पी.जवळ ४३३ आहेत, टोकाला ३३६ उरले. डी.पी.शेजारचा बागायतदार म्हणतो व्होल्टेज झकास आहे, टोकाचा म्हणतो मोटार उचलत नाही, आणि दोघेही खरे बोलतात. तीन तारांत मिळून नासाडी ३ × ५६ × ५६ × १ = ९,४०० वॉट. म्हणजे सात पंपांना वीज देताना आणखी दोन पंप चालतील एवढी वीज कावळ्यांचे पाय शेकण्यात गेली! पंप लाईनवर विखुरलेले असले तर घट काहीशी कमी होते. पण त्याच तारेवर कोणी आकडा टाकला, किंवा पाच एच.पी.ची मंजुरी घेऊन साडेसातची मोटार बसवली, तर ती वाढते. त्याचा भुर्दंड महावितरणला बसतोच, पण आधी बसतो टोकाच्या भाऊबंदाला.

आता तेच सात पंप ११ हजार व्होल्टच्या तारेवर घेतले आणि प्रत्येक विहिरीजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, तर त्या एक किलोमीटरमध्ये प्रवाह फक्त २.१ अँपिअर. नासाडी ३ × २.१ × २.१ × १, म्हणजे १३ वॉट. कुठे ९,४०० आणि कुठे १३! महावितरणने २०१८ साली कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एचव्हीडीएस, आणली तिचे सगळे गणित एवढेच आहे. तारापूरला जे मनोऱ्यांवर केले तेच शिवारात केले. ज्यांना त्या योजनेत छोटी डी.पी. मिळाली त्यांनी ती एकट्याची समजून तिच्यावर शेजाऱ्याचा पंप टाकू नये.

डी.पी.ची ताकदही याच सूत्राने निघते. ६३ के.व्ही.ए.ची डी.पी. म्हणजे ६३,००० भागिले (१.७३२ × ४१५), सुमारे ८८ अँपिअर. पाच एच.पी.चे दहा-अकरा पंप. तिच्यावर सोळा पंप असतील तर तक्रार कोणाकडे करायची हे ज्याने त्याने ठरवावे.

आता मोटारीकडे. व्होल्टेज कमी झाले की हीटर कमी अँपिअर घेतो. मग मोटारीनेही कमी घ्यायला हवेत, नाही का? पुष्कळ जण असेच धरून चालतात, आणि इथेच मोटार जळते. मोटारीला ओढायचे आहे ते पाणी. विहीर पन्नास फूट खोल आहे ती व्होल्टेज कमी झाले म्हणून चाळीस फूट होत नाही. काम जवळजवळ तेवढेच करायचे, तर व्होल्ट कमी पडल्यावर मोटार अँपिअर जास्त घेते. ४१५ व्होल्टला ८ अँपिअर घेणारी मोटार ३४० व्होल्टला ८ × ४१५ ÷ ३४०, म्हणजे पावणेदहा अँपिअरच्या जवळ जाते. वेग थोडा उतरतो म्हणून आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. पण वायंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. ९.७६ भागिले ८ म्हणजे १.२२, त्याचा वर्ग सुमारे दीड. वायंडिंग दीडपट तापू लागले. तासाभरात इन्सुलेशनचा वास येतो, आणि वास आला तेव्हा उशीर झालेला असतो.

एक फेज गेली तर याहून वाईट. उरलेल्या दोन फेजमध्ये प्रवाह साधारण १.७ पट होतो, उष्णता तिपटीच्या घरात. म्हणून स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच, आणि ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलेला हवा. रिले पुन्हा पुन्हा पडतो म्हणून स्क्रू फिरवून तो वर चढवणे, किंवा काडी अडकवून ठेवणे, हा उपाय नव्हे. रिले पडतो तेव्हा तो आपले काम करत असतो.

काही सभासद मल्टिमीटरने वायंडिंगचा रोध मोजतात आणि चक्रावतात. समजा दोन टोकांत ४ ओहम आला. ४१५ ÷ ४ म्हणजे १०४ अँपिअर! मग मोटार आठच कशी घेते? कारण फिरणारी मोटार आतून उलटा दाब तयार करते, तो बाहेरच्या दाबाला थोपवून धरतो. मल्टिमीटरच्या वाचनाचा उपयोग एवढाच की तिन्ही जोड्यांचे ओहम सारखे आले पाहिजेत. एक जोडी वेगळी आली तर वायंडिंगमध्ये दोष आहे. मात्र मोटार उभी असते, चालू होण्याच्या क्षणी, तेव्हा थोपवणारा दाब नसतो आणि प्रवाह पाच-सहा पट उसळतो. आठाची मोटार क्षणभर चाळीस-अठ्ठेचाळीस अँपिअर ओढते. म्हणून ऑटो स्विच काढा असे महावितरण सांगत असते. वीज आली की एका डी.पी.वरच्या बारा मोटारी एकदम उठतात, बारा गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे ५७६ अँपिअर, आणि डी.पी. आहे ८८ ची. मग फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातली असेल तर डी.पी. जाते. रात्री उठून शेतावर जाण्याचा त्रास मला कळतो, साप-किरडूची भीतीही आहे. तरी सगळ्यांच्या ऑटो स्विचनी मिळून डी.पी. जाळली तर पंधरा दिवस कोणालाच पाणी नाही. निदान शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी पाच-पाच मिनिटांच्या फरकाने टायमर लावावेत.

आता प्रत्यक्ष मोजणी. पंपाच्या पेटीवर पुष्कळांकडे व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर असतात. काचेवरची धूळ पुसली की वाचता येतात. नसतील तर वायरमनचा टाँगटेस्टर चालतो, तो तारेला नुसता चिमट्यासारखा लावायचा असतो. पेटी उघडून हात घालण्याचे काम मात्र वायरमननेच करावे.

चार आकडे घ्यायचे. मोटार बंद असताना पेटीजवळचे व्होल्ट. मोटार चालू असताना पेटीजवळचे व्होल्ट. त्याच वेळी मोटारीच्या टोकाशी व्होल्ट. आणि अँपिअर.

समजा बंद असताना ४१० आले, चालू केल्यावर पेटीत ४०२, मोटारीशी ३७६, आणि अँपिअर साडेआठ. मोटार किती वीज घेते ते आधी काढू. यात पॉवर फॅक्टर नावाचा एक आकडा गुणावा लागतो. मोटारीच्या प्रवाहातला काही भाग नुसते चुंबकत्व तयार करायला येतो-जातो, काम करत नाही, त्याची ही वजावट. साधारण ०.८५ धरावा. १.७३२ × ३७६ × ८.५ × ०.८५ म्हणजे ४,७०० वॉट. पाच एच.पी.चे ३,७३० वॉट होतात, मग इथे जास्त कसे? पाटीवरची एच.पी. ही मोटारीने बाहेर दिलेली ताकद, आत घेतलेली वीज त्याहून नेहमी जास्त. आठ तासांत झाली साडेसदतीस युनिटे.

आता खरी गोष्ट. मोटार चालू झाल्यावर पेटीपाशी फक्त ८ व्होल्ट पडले, पण पेटीपासून मोटारीपर्यंत २६ पडले. म्हणजे लाईन बरी आहे, दोष आपल्या केबलमध्ये आहे. दर फेजला घट २६ ÷ १.७३२ = १५ व्होल्ट. रोध = १५ ÷ ८.५ = १.७७ ओहम. पॉवर फॅक्टरमुळे हा आकडा थोडा मागे-पुढे होतो, बांधावरच्या निर्णयाला एवढा पुरतो. ही केबल ३०० मीटर आहे आणि दुकानदाराने १० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची म्हणून दिली. तशा केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ३.१ ओहम, ३०० मीटरला ०.९२ यायला हवा. आला १.७७. म्हणजे एक तर केबल सांगितली तेवढी जाड नाही, नाही तर वाटेत कुठे सांधा खराब आहे. सांधे आधी तपासा, ते फुकट आहे. पिळून चिकटपट्टी लावलेला सांधा अर्धा ओहम जरी अडवत असला तरी तिथे ८.५ × ८.५ × ०.५, म्हणजे ३६ वॉट उष्णता एका जागी तयार होते. रेडिओवाल्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॉटचे असते. पाचटात पडलेला असा सांधा काय करील ते सांगायला नको.

आणि याच जागी ४ चौरस मिलिमीटरची केबल टाकली असती तर? तिचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम, ३०० मीटरला २.२२. आठ अँपिअरला दोन फेजमध्ये ३१ व्होल्टची घट आणि ३ × ८ × ८ × २.२२ = ४२६ वॉटची नासाडी. दहाच्या केबलला १३ व्होल्ट आणि १७७ वॉट. दुकानात दोन केबलींच्या किमतीतला फरक डोळ्यांत भरतो, शेतात हे व्होल्ट भरत नाहीत.

काही जण म्हणतील, २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली, मग वॉट मोजायचे कशाला? बिल माफ झाले, रिवाइंडिंग माफ झालेले नाही. व्होल्ट कमी पडले की तांबे जळते ते आपले.

उलट चालू-बंद दोन्ही वेळा पेटीपाशीच ३३०-३४० व्होल्ट येत असतील तर नवी केबल किंवा नवी मोटार घेऊन काही होणार नाही. दोष लाईनचा किंवा डी.पी.चा. मग तक्रार आकड्यांनिशी करावी, तारीख, वेळ, बंद-चालूचे व्होल्ट, अँपिअर, डी.पी.वर किती पंप. "व्होल्टेज येत नाही" या तक्रारीला उत्तर मिळत नाही, आकड्यांच्या कागदाला द्यावे लागते.

कपॅसिटरबद्दल दोन शब्द. मोटारीच्या टोकाला योग्य मापाचा कपॅसिटर बसवला की ते चुंबकत्वाचे येणे-जाणे मोटार आणि कपॅसिटरमध्येच भागते. पॉवर फॅक्टर ०.८५ चा ०.९५ झाला तर तारेतला प्रवाह ८ वरून ७.२ च्या खाली येतो आणि तारेतली नासाडी पाचवा भाग कमी होते. माप मोटारीवरून ठरते, वायरमनला विचारून घ्यावे. ऊस तुटेपर्यंत थांबू नये.

शेवटचा हिशेब पैशाचा नाही. पेटीला अर्थिंग असते. एखादी फेज पेटीच्या पत्र्याला चिकटली तर वीज अर्थिंगमधून जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, अशी योजना आहे. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल तर २३० ÷ ५ = ४६ अँपिअर, फ्यूज तत्काळ उडतो. पण खड्डा कोरडा पडला, तार गंजली आणि रोध १०० ओहम झाला, तर २३० ÷ १०० = २.३ अँपिअर. एवढ्याने फ्यूज उडत नाही. पंप चालूच राहतो आणि पत्रा जिवंत राहतो. आता ओल्या अंगाने, अनवाणी, चिखलात उभा राहून कोणी पेटीला हात लावला. ओल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला तर २३० ÷ १,००० म्हणजे पाव अँपिअरच्या आसपास. माणसाच्या छातीतून अँपिअरचा तीसावा भाग गेला तरी जिवावर बेततो. तेव्हा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन घागरी पाणी ओतावे, मीठ-कोळसा घातलेला नसेल तर वायरमनकडून घालून घ्यावा, फ्यूजमध्ये फ्यूजचीच तार असावी, आणि पाणी पाजताना पेटीशी जायचे तर पायात कोरडी चप्पल आणि हातात कोरडी काठी हवी. घरातल्या बायका-पोरांनाही हे सांगून ठेवावे, कारण मोटार चालू करायला पुष्कळदा तीच जातात.

वर सांगितलेले चार आकडे, केबलची लांबी आणि जाडी, मोटारीच्या पाटीवरची एच.पी. आणि अँपिअर एका कागदावर लिहून ज्या सभासदांनी आपापल्या गट ऑफिसात दिले त्यांचा हिशेब चिटबॉयबरोबर बसून करून देऊ. कागद मार्चची पाळी सुरू होण्यापूर्वी आणावेत. पुढील अंकात खोडव्यातील पाचट कुजवणे आणि त्या वेळच्या खताचा हप्ता.